भौतिकशास्त्र विभागात 'बाहेरचे' कोण?



दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हारतुरे होतात, पाहुण्यांचे इंग्रजीतून व्याख्यान होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दीपप्रज्वलनाचा फोटो येतो. फोटोतल्या सर्वांची नावे पदांसह छापलेली असतात. व्याख्यान कशावर झाले, याची मात्र एक ओळही नसते. हे कोणत्या विद्यापीठाबद्दल आहे, ते मी सांगत नाही. सूज्ञ वाचकांनी आपापल्या गावाकडे पाहावे.

अशाच एका विभागात कृष्णविवरांवर व्याख्यान असल्याचे कळले म्हणून मी फोन करून चौकशी केली. उत्तर मिळाले, "बाहेरच्यांसाठी नाही." चार-पाच पिढ्या इथे काढूनही 'बाहेरचे' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. पण या वेळी तो मराठी माणसाला उद्देशून नव्हता, साऱ्या गावालाच उद्देशून होता. ज्या गावाच्या करातून विभागाची वीज आणि पगार चालतात, ते गावच बाहेरचे! बँकेत ज्याची ठेव, त्याला पासबुक पाहायचा हक्क असतो. विद्यापीठात तो का नसावा?

ज्यांच्या शोधाचा हा दिवस, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली कलकत्त्यात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. दिवसा कचेरीतले आकडे आणि कचेरीच्या वेळेबाहेर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग, असा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ साली ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण १९२८ चा शोध लागला तो याच संस्थेत. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून देणग्या गोळा करून उभी केली होती आणि तिथे सामान्य लोकांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत. हिशेब खात्यातल्या माणसाला तिथे कोणी 'बाहेरचा' म्हटले असते, तर आज कोणता दिवस साजरा केला असता?

दार बंद ठेवण्याची किंमत विभागालाही मोजावी लागते. राज्य विद्यापीठांत प्राध्यापक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तासिकांवर माणसे बोलावून काम भागवले जाते. मध्य प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयांत अशा शिक्षकांना 'अतिथी विद्वान' म्हणतात. म्हणायचे अतिथी आणि राबवायचे वर्षानुवर्षे! रस्त्यात खड्डा पडला तर आपण नगरसेवकाच्या दारात जातो. प्रयोगशाळेला कुलूप लागले तर कोणी हू की चू करत नाही, कारण ती उघडी असताना गावाने कधी पाहिलेलीच नसते. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. २०२३ साली ६,००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाले, त्याची चार मुख्य केंद्रे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला आणि मद्रास, मुंबई व दिल्लीच्या आयआयटींना मिळाली. त्या संस्था लायक आहेत, वाद नाही. पण आपल्या गावातली मुले शिकतात ती राज्य विद्यापीठात, आणि त्या विद्यापीठाच्या बाजूने बोलणारे गावात कोणी नाही.

आता नेहमीचा आक्षेप. "हा विषय इंग्रजीशिवाय सांगता येत नाही." हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले, तेव्हा तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि विज्ञानही उर्दूतून शिकवले जाई. ज्यांच्या नावाने 'बोसॉन' कण ओळखले जातात, त्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद काढली. आणि जयंत नारळीकर? त्यांचे वडील काशीच्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, म्हणजे घर तुमच्याआमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे. त्यांनी कृष्णविवरावरची कथा मराठीत लिहिली आणि टोपण नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. २०२५ साली ते गेले, तेव्हा आपण सर्वांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांचे काम पुढे कोण नेणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

दोष एकट्या विद्यापीठाचा नाही. शिंदे, होळकर, गायकवाड ही नावे आपण प्रत्येक सभेत घेतो. इंदूरचे होळकर महाविद्यालय १८९१ चे, हेही अभिमानाने सांगतो. पण त्याच इंदुरात राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ यंत्रात १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण काढतात आणि देशभरातले संशोधक ते वापरायला येतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मंडळाच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राला पैसे निघतात. विज्ञानाच्या व्याख्यानाला मात्र 'श्रोते मिळत नाहीत'. बोलावून कधी पाहिले आहे का?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. विभागाने व्याख्यानांची यादी महिनाभर आधी गावातल्या वाचनालयांत आणि वृत्तपत्रांत द्यावी. महिन्यातून एक व्याख्यान संध्याकाळी, गावाच्या भाषेत आणि सर्वांना खुले असावे. रिकाम्या जागांचा आकडा दर वर्षी जाहीर करावा. आणि आपल्या मंडळाने सभागृह एक संध्याकाळ विनाभाडे द्यावे. मराठीतून बोलणारे निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आपल्याच घरांत आहेत. त्यांना सत्काराची शाल देऊन परत पाठवू नका, फळा आणि खडू द्या.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा, पण श्रोते मिळत नाहीत हे कारण एकदा व्याख्यान ठेवल्यावरच सांगावे.