समुद्राचा धडा इंद्रायणीकाठी

‘समुद्र वाचवा’ लिहिलेल्या फलकावर थर्माकोलचा मासा, त्याला चमकीचे खवले आणि प्लास्टिकच्या मण्याचा डोळा. बालवाडीच्या हस्तकलेत असे फलक नवे नाहीत. आठवडाभर भिंतीवर मिरवून तो मासा कचऱ्यात जातो. सजावटीच्या थर्माकोलवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लास्टिकचेच बारीक कण. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर २०२३ मध्ये निर्बंध घातले. ज्या कणांपासून समुद्र वाचवायचा, तेच मुलांच्या बोटांना चिकटवून हा धडा दिला जातो.

मावळात आणखी एक अडचण आहे. समुद्र दिसत नाही. लोणावळ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण चार वर्षांच्या मुलाला डोंगरापलीकडचे सगळे सारखेच दूर. चित्रातला देवमासा त्याला आवडतो. त्याचा गावच्या ओढ्याशी काही संबंध आहे, हे मात्र कळत नाही.

तो सांगायला मावळासारखी सोयीची जागा क्वचितच सापडेल. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वळवण धरणाचे पाणी मात्र मोठमोठ्या नळांतून घाट उतरते, १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्रात चक्रे फिरवते आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जाते. एकाच गावात पडलेले पावसाचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. गोष्टीला याहून चांगली सुरुवात कोणती हवी?

या प्रवासात चिक्कीचे कव्हरही असते. ओढ्यात टाकलेले प्रत्येक कव्हर समुद्र गाठते असे नाही. बरेचसे काठच्या झुडपांत, बंधाऱ्यांत, उजनीसारख्या जलाशयात अडकते. पण ऊन आणि घर्षणाने त्याचे तुकडे होत राहतात आणि बारीक कण पाण्याबरोबर पुढे सरकतात. मुलांना एवढे खरे सांगितले तरी पुरे.

शिवाय समुद्र दरवर्षी मावळात येतोच. कार्ल्याची एकवीरा ही आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी. चैत्रात किनाऱ्यावरचे कोळी पालख्या घेऊन घाट चढून येतात, ते मुलांनी पाहिलेले असते. हेच लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला का लावतात? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना राज्यात मासेमारीबंदी असते, कारण अनेक माशांचा हा विणीचा काळ. माशांना अंडी घालायला दिलेली सुट्टी, म्हटले की लहान मुलालाही समजते.

वेळासची गोष्टही सांगण्याजोगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आणि पिल्ले समुद्रात सोडली. नाकात नळी अडकलेल्या कासवाचा फोटो दाखवून पाच वर्षांच्या मुलाला रडवण्यापेक्षा हे बरे. भीतीने मूल गप्प होते, शिकत नाही.

हस्तकलेसाठी वाट जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून समुद्रकाठच्या बोर्डीत बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परिसरातल्या बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने होती. मावळात शिंपले नाहीत, पण भातखाचराची माती आहे, वडाची पाने आहेत. जुन्या धोतरावर गेरूने नदी काढता येते, उगमापासून मुखापर्यंत. पानांचे मासे त्यावर डकवता येतात. नाल्यातला कचरा मात्र मुलांच्या हाताने उचलून घेऊ नये. पावसाळ्यात त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होऊ शकतात.

जागतिक महासागर दिन ८ जूनला असतो, तेव्हा इथल्या बहुतेक शाळांना सुट्टीच असते. त्याने काही बिघडत नाही. शाळा उघडली की एका कुंडीतल्या ओल्या मातीत पिंपळाचे पान, कागद, सुती चिंधी आणि चिक्कीचे कव्हर पुरावे, वर काड्यांनी खूण करावी. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनीच ते उकरून पाहावे.