बटण दाबायला माणूस कशाला?

आमच्या सोसायटीत गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "काकू, कॉफीचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" मला का विचारतात, तर आमच्या ओट्यावर एक मशीन आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. ते मी जुन्या परकराचं कव्हर शिवून झाकून ठेवलेलं आहे, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, "मशीन घेऊ नका. ग्राइंडर घ्या." तिघांनीही माझ्याकडे, म्हातारीला प्रश्न नीट ऐकू आला नसावा, अशा नजरेनं पाहिलं. तेव्हा वाटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आता मी काही कॉफीतली तज्ज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि तीस वर्षं शाळेत निबंध तपासलेली बाई. माहेरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, आणि तीही कोणाला सर्दी झाली तर किंवा पाहुणे चहा घेत नसले तर. कॉफी कळली ती माटुंग्याला. १९७९ साली आम्ही तिथे दोन खोल्यांत राहायला गेलो. शेजारच्या मामी कोइमतूरच्या. त्यांच्या घरी पहाटे साडेपाचला बिया दळल्याचा घर्रघर्र आवाज यायचा आणि मागोमाग वास. पहिले आठ दिवस मी नुसता वासच घेतला. नवव्या दिवशी त्यांनी वाटीत डिकॉक्शन आणून दिलं. ते मी चहासारखं पुन्हा गॅसवर उकळलं आणि कडूझार करून ठेवलं, ते वेगळं. असो.

तर मुद्दा ग्राइंडरचा.

आपल्याकडच्या बायकांना दळण म्हणजे काय हे शिकवायला नको. चकलीची भाजणी वेगळी दळायची, थालीपिठाची जरा जाडसर, अनारशाचं पीठ आणखी वेगळं. गिरणीवाल्याला आपण बजावून सांगतो, आणि घरी आल्यावर चिमटीत धरून तपासतो. तीच बाई कॉफीच्या बिया आणल्या तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालते! मिक्सरचं पातं दळत नाही हो, तोडतं. जे तुटलंय तेच पुन्हा तोडत राहतं आणि जे कडेला उडालं ते अख्खंच राहतं. भांडं उघडलं की मैदाही आहे, रवाही आहे आणि मधे मधे कण्याही आहेत. गरम पाणी पडलं की मैद्यातून कडूपणा उतरतो, आणि कण्यांतून जे यायला हवं ते येतच नाही, नुसतं आंबट पाणी. मग आपण म्हणतो कॉफी बिघडली. शिवाय परवाच्या लसूण चटणीचा वास असतोच.

दात्यांच्या ग्राइंडरमध्ये, दुकानात त्याला बर ग्राइंडर म्हणतात, दोन खाचदार चकत्या किंवा शंकू असतात. मधली फट तुम्ही ठरवायची. कण त्या फटीएवढा झाल्याशिवाय खाली पडत नाही, आणि खाली पडला की पुन्हा दळला जात नाही. आपल्या जात्याचीच रीत. सगळा दाणा जवळपास सारखा निघतो. एवढं झालं की पुढचं भांडं कुठलंही असो, कॉफी निम्मी जमलीच म्हणून समजा. फ्रेंच प्रेस नावाच्या काचेच्या भांड्याला जाडा रवा लागतो, आपल्या स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्याहूनही थोडं बारीक, आणि एस्प्रेसोला त्याहून बारीक, बोटांना जेमतेम कण लागेल इतकं. फिल्टरला फार बारीक दळलं तर तो तुंबतो, जाड दळलं तर पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन चहासारखं पातळ होतं. चिकोरी घातलेली असेल तर ती पाणी धरून ठेवते, थेंब सावकाश पडतात, रंग दाट येतो. म्हणून ती घालतात, फक्त फसवायला नव्हे. मात्र पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, तेवढं चष्मा लावून वाचत जा. ४९ टक्के चिकोरी घेऊन वर कॉफीला नावं ठेवणारे लोक मी पाहिलेत.

शिवाय दळलेली कॉफी टिकत नाही. भाजलेल्या अख्ख्या बिया घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. दळली की तिचा खरा वास दोन-चार दिवसांत कमी होतो. म्हणजे पावडर विकत आणून हजारोंच्या यंत्रात घालणं म्हणजे शिळ्या पिठाच्या पोळ्या चांदीच्या तव्यावर भाजण्यासारखं आहे.

पण दुकानात कोणी हे सांगत नाही. मी मुद्दाम एका मोठ्या दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलानं मला ऐकवलं, "मॅडम, हे पंधरा बार, हे वीस बार." मी विचारलं, एस्प्रेसोला किती लागतात? त्याला माहीत नव्हतं. नऊच्या आसपास लागतात. पंधरा आणि वीस हा पंपाचा जास्तीत जास्त जोर, कपात येणाऱ्या कॉफीशी त्याचा संबंध नाही. ताशी दोनशे जाणारी गाडी घेऊन टिळकनगरच्या गल्लीत काय करणार? शिवाय स्वस्त मशीनच्या गाळणीला खाली एकच बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून जोरानं येणारी कुठलीही पावडर फेस देते. गिऱ्हाईक फेसावर खूश. जी मशीनं स्वतःच बिया दळतात ती यातल्या त्यात प्रामाणिक, पण त्यांची किंमत आमच्या पेन्शनीत बसत नाही, आणि दुधाची नळी रोज धुतली नाही तर काय होतं ते विचारूच नका.

आता आमच्या परकराखालच्या मशीनकडे येते.

ते गेल्या दिवाळीला मुलानं आणलं. कॅप्सूलचं. डबी टाका, बटण दाबा, अर्ध्या मिनिटात कॉफी. मुलगा बंगळुरूला असतो. ज्या राज्यात चिकमगळूर, कोडगू, हासन, जिथे देशातली बहुतेक कॉफी पिकते, तिथून तो आमच्यासाठी युरोपात भरलेल्या डब्या घेऊन डोंबिवलीला आला! आपल्या कॉफीचा बराच मोठा हिस्सा परदेशी जातो आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली. म्हणजे कोण जाणे, त्याच्या घरापासून चार-पाच तासांवर पिकलेली बी समुद्र ओलांडून, अॅल्युमिनियमच्या टोपीत बसून आमच्याकडे परत आली असेल.

हिशेब मी वहीत मांडला, सवय आहे. एक डबी पन्नास रुपयांची. आत कॉफी साधारण पाच ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला दहा रुपये आणि किलोला दहा हजार. माटुंग्याच्या दुकानात उत्तम ताज्या भाजलेल्या बिया हजार-बाराशेला किलो मिळतात, आणि तेही २०२४-२५ मध्ये कॉफीचे भाव जगभर चढल्यानंतर. मुलाला हे आकडे फोनवर वाचून दाखवले तर म्हणाला, "आई, तू कन्व्हिनियन्सची किंमत धरतच नाहीस." बरं, डबीतली कॉफी शिळी नसते, हवाबंद असते, हे मी मान्य करते. पंचवीस माणसांच्या ऑफिसात, जिथे भांडं कोणी घासत नाही, तिथे ते मशीन ठीकच आहे. पण दोन माणसांच्या घरात 'कन्व्हिनियन्स' कोणाची आणि कशासाठी?

इथे मला घरातली गोष्ट सांगावी लागणार. ह्यांना विचारून लिहिते आहे.

आमच्या घरी सकाळची कॉफी हे करतात. लग्न झाल्यापासून नव्हे, ह्यांच्या निवृत्तीपासून, म्हणजे आज सोळा वर्षं. मी उठेपर्यंत फिल्टरमध्ये डिकॉक्शन उतरलेलं असतं. पाच वर्षांपूर्वी ह्यांना कंपवात झाला. हळूहळू एकेक काम हातातून गेलं. आधी सही गेली. ज्या माणसानं बँकेत हजारो सह्या केल्या त्याची सही बँकच परत पाठवू लागली. मग शर्टाची बटणं, मग दाढी. कॉफी मात्र ह्यांनी सोडली नव्हती. पावडर सांडायची, ओटा रोज पुसावा लागायचा, एकदा उकळतं पाणी पायावर पडता पडता राहिलं. ते मी मुलाच्या कानावर घातलं, ही माझी चूक. त्यानं काळजीपोटी मशीन आणलं. त्याच्या काळजीला मी नावं ठेवत नाही.

पहिल्या दिवशी ह्यांनी बटण दाबलं. कप भरला. तो घेऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, बटण दाबायला मी कशाला हवा?" दुसऱ्या दिवसापासून हे साडेसातपर्यंत अंथरुणातच राहायला लागले. मी उठायची, बटण दाबायची, कप नेऊन द्यायची. दोन महिने असे गेले. कॉफी गरम होती, ओटा स्वच्छ होता, आणि घरात सकाळ होत नव्हती.

मामी १९९४ साली कोइमतूरला परत गेल्या तेव्हा त्यांचा दळायचा लोखंडी यंत्र मला देऊन गेल्या होत्या. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचा, वर नरसाळं, बाजूला लांब दांडा. आम्ही पावडरच आणायचो, म्हणून तो माळ्यावर पडून होता. संक्रांतीच्या सुमारास तो काढला. गंज होता. तांदूळ तीन-चार वेळा दळून टाकले, ब्रशनं दाते साफ केले. तुम्ही म्हणाल, कंपवाताच्या माणसाला हातानं दळायला लावता? दुकानात मिळणारे ते नळकांड्यासारखे छोटे हात-ग्राइंडर आधी करून पाहिले होते. एका हातानं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं. ते ह्यांना नाहीच जमलं, संधिवात असलेल्या कोणालाही जमणार नाही. पण टेबलाला आवळलेलं यंत्र धरावं लागत नाही. दुसरा हात रिकामा राहतो, कडेला टेकवता येतो. आणि ह्यांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की जास्त थरथरतो, कामाला लागला की कमी. डॉक्टरही म्हणाले, या आजारात पुष्कळांचं तसंच असतं, फिरवू द्या.

पहिल्या दिवशी वीस ग्रॅम दळायला बारा मिनिटं लागली. निम्म्या बिया फरशीवर. मी खाली बसून वेचत होते आणि हे वरून "त्या कपाटाखाली एक गेली" म्हणून सांगत होते.

आता वाटणी अशी आहे. बिया मोजणं, दळणं, फिल्टरच्या वरच्या भांड्यात भरून ती दांडीची चकती वर ठेवणं हे ह्यांचं. उकळी आल्यावर मिनिटभर थांबून पाणी ओतणं माझं. त्या बाबतीत मुलगा बरोबर होता. पुढे फिल्टर आपलं काम आपण करतो. त्याला वीज लागत नाही, सर्व्हिस सेंटर लागत नाही, आणि किंमत काहीशे रुपये. पंधरा-वीस मिनिटांत थेंब थेंब उतरतं. कधी अडलं तर वरचं भांडं जरासं उचलून ठेवायचं, खाली कोंडलेली हवा निघते. ज्या दिवशी ह्यांना अजिबात जमत नाही, महिन्यातून चार-पाच दिवस तरी, त्या दिवशी मी विजेच्या छोट्या ग्राइंडरवर दळते. दात्यांचाच आहे, मुलानंच नंतर पाठवला, किंमत त्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. ज्यांना मी "ग्राइंडर घ्या" म्हणते त्यांनी तो घ्यावा. भांडं कुठलं ते पाहून घ्या. फिल्टर नको असेल तर इटलीतल्या बियालेत्तीनं १९३३ साली आणलेलं ते अष्टकोनी मोका पॉटही चांगलं आहे. फक्त ते अॅल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालत नाही, हे घेतानाच विचारा. आम्ही नाही विचारलं.

मुलगा मेमध्ये आला तेव्हा पहाटे त्या आवाजानं जागा झाला. दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. "बाबा, मी फिरवू?" म्हणाला. हे म्हणाले, "तू मशीनची घे." तो हसला, पण प्यायला आमचीच. मशीन परत ने म्हटलं तर नेलं नाही. सव्वीस डब्या अजून शिल्लक आहेत, पाहुण्यांना देते.

डब्यात आता दोन दिवसांच्या बिया उरल्या आहेत. शनिवारी माटुंग्याला जाईन. तिथला माणूस सवयीनं बिया सरळ मोठ्या गिरणीत ओततो, त्याला आधीच हात दाखवून थांबवावं लागतं. ह्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. अक्षर लागायला वेळ लागला, पण लागलं. 'पाव किलो पीबेरी. दळू नये.'