अमावास्येची सुट्टी कामी लावा

अमावास्येला करवत-रंध्याला हात लावायचा नाही, ही रीत महाराष्ट्रातल्या पुष्कळ सुतारांनी आजवर सांभाळली आहे. रविवारीही फ्लॅटमधले वॉर्डरोब जोडणारे मिस्त्री त्या दिवशी पेटी उघडत नाहीत. म्हणजे एका तालुक्यातले बहुतेक सुतार एकाच दिवशी मोकळे असतात. डॉक्टर-वकिलांना एकत्र यायचे तर परिषद भरवावी लागते, वर्गणी काढावी लागते, तारखा जुळवाव्या लागतात. आपल्याला ती तारीख पंचांगाने आयती दिली आहे. आपण ती झोपेत नाहीतर उधारी वसूल करण्यात घालवतो.

आमची सूचना साधी आहे. त्या दिवशी आसपासच्या चार गावांतल्या मिस्त्रींनी एका जागी बसावे आणि एकमेकांना काम दाखवावे. त्याला मंडळ म्हणा, क्लब म्हणा. नोंदणी, पावतीपुस्तक, अध्यक्ष-उपाध्यक्ष यांची घाई नको. आपल्याकडे मंडळे बहुधा पदांवरूनच मोडतात.

सुलतानपूरचे नाव मुद्दाम घेतो. बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातले, मेहकर-लोणार रस्त्यावरचे हे गाव. इथे डिझाइनचे कॉलेज नाही, फर्निचरचा मोठा बाजार नाही. अशा गावचा मिस्त्री चौकटही करतो, दिवाणही करतो, देव्हाराही करतो आणि वखराची दुरुस्तीही त्याच्याच दारात येते. आता या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शहरातला तयार दरवाजा सकाळी निघून दुपारी इथे उतरवता येऊ लागला. त्या दरवाजाशी टक्कर एकेकट्याने देता येणार नाही.

‘आमचं गिऱ्हाईक आम्हीच दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधायचं का?’ हा प्रश्न लगेच येईल, आणि तो खोटा नाही. बलुत्याच्या काळात सुताराची घरे ठरलेली असत. दुसऱ्याच्या घरांकडे बघायचे नाही हा दंडक होता. पण त्याच काळात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा दिवस आला, की एकट्याचे काही चालत नसे. तुंबा, आरे, पुठ्ठे सुताराने जुळवायचे, धाव लोहाराने तापवायची, आणि लाल झालेली ती कडी सांडशीने उचलून चाकावर बसवायला चार-सहा माणसे लागायची. लगेच पाणी ओतायचे, म्हणजे लोखंड आकसून पुठ्ठे आवळले जात. घेर थोडा चुकला तरी चाक ढिले पडे किंवा आरे वाकत. किती कमी घेर धरायचा, हे शेजारच्या गावचा सुतार उघड्यावर बघत असे आणि शिकत असे. रबरी टायरची गाडी आली, धाव गेली, आणि एकमेकांचे काम बघण्याचा तो दिवसही गेला.

कारागिरांनी संघ करणे ही बाहेरून आणलेली कल्पना नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोक कारागिरांच्या संघाकडे विश्वासाने पैसा ठेवत होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट इथल्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा घडवल्याचा लेख आहे, बापाच्या नावासकट. त्याच चैत्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. ज्यांना आपल्या धंद्याचा कमीपणा वाटतो त्यांनी एकदा मान वर करून त्या पाहाव्यात.

जवळचे उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तंतुवाद्ये बनवायला घेतली आणि गाव त्यासाठी ओळखले जाऊ लागले. भोपळा, तूनाचे लाकूड, जव्हारी काढण्याचे कसब, हे सगळे घराघरांत, बापाकडून मुलाकडे चालत आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन एका कारागिराच्या नावावर मिळत नाही. त्यासाठी संघटित संस्थाच पुढे यावी लागते. शंभर-दीडशे वर्षे वेगवेगळ्या उंबऱ्यांआड राखलेली विद्या शेवटी एकत्र आल्यावरच कागदावर चढली. सावंतवाडीत तर गंजिफा करणारे जवळपास संपले होते. संस्थानिक घराण्याने एका वृद्ध चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ती वाचली. आपल्याकडे चाकाचा तुंबा करणारे, तिफणीचे दांडे नुसत्या नजरेने जुळवणारे म्हातारे अजून आहेत. त्यांच्यासाठी राजवाडा येणार नाही.

मग बसून करायचे काय? पहिल्या बैठकीला धार. दुसरे काही नको. दहा मिस्त्रींच्या पेट्या उघडा, दहा पटाश्या दहा तऱ्हेच्या कोनात घासलेल्या निघतील, आणि निम्म्यांची पाठ सपाट नसेल. पंचवीस ते तीस अंशांचा कोन, पाठ आरशासारखी, शेवटची लव काढायला चामड्याचा पट्टा. एवढे हाताने दाखवायला तासभर लागतो, मोबाइलवरच्या व्हिडिओत महिना जातो. जपानमध्ये ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात. तिथे सुतार एकच गोष्ट करतात: रंधा मारून सर्वांत पातळ सलग साल काढायची. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर तिथली साल दहाच्या खाली जाते. त्या सालीपासून काही बनवायचे नसते. पण तशी साल काढायला पाते, रंध्याचे बूड, लाकडाची नस आणि हाताचा दाब चारही बरोबर असावे लागतात. सुलतानपुरात सागाच्या पट्टीवर असा सामना लावला तर बघायला पोरे जमतील, आणि पोरे जमणे हेच आज सर्वांत अवघड झाले आहे.

दुसरी बैठक लाकडाच्या फुगण्या-आकसण्यावर असावी, कारण या पट्ट्यात गिऱ्हाइकांच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की फळी चटचट वाजते. जुलैत तीच फळी पाणी पिते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. वर्तुळांना समांतर दिशेने ते जितके हलते, त्याच्या सुमारे निम्मे गाभ्याकडून सालीकडे हलते. साग हा त्यातल्या त्यात शहाणा: ओल्यापासून ठणठणीत कोरडा होईपर्यंत तो एका दिशेने पाच टक्क्यांच्या थोडा वर, दुसऱ्या दिशेने अडीच टक्क्यांच्या आसपास आकसतो. हिशेब करून बघा. वर्तुळांना समांतर चिरलेली एक फूट रुंद सागवानी फळी उन्हाळ्यात बसवली आणि पावसाळ्यात तिचा ओलावा आठ टक्क्यांनी वाढला, तर ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास फुगते. अशा फळीचे पॅनेल चारही बाजूंनी फेव्हिकॉल लावून चौकटीत घट्ट बसवले, तर जुलैत चौकटीचे कुसू उघडणार किंवा पुढच्या मेमध्ये पॅनेल मधोमध तडकणार. यात फेव्हिकॉलचाही दोष नाही आणि सागाचाही नाही. पॅनेल खोबणीत मोकळे सोडायचे, खेळायला जागा ठेवायची, आणि मेमध्ये ती जागा जुलैपेक्षा जास्त ठेवायची. जुन्या वाड्यांच्या दारांत ही जागा सोडलेली दिसते. ती का सोडली, हे सांगणारा माणूस मध्ये कुठेतरी गळाला.

बाभूळ आणि कडुनिंब यांच्यावर स्वतंत्र बैठक लागेल. ही झाडे आपल्या धुऱ्यावर आहेत, आणि त्यांच्याविषयी छापील माहिती सागाच्या मानाने फार थोडी आहे. कोणी कशी सुकवली, किती वेडीवाकडी झाली, कीड कधी लागली, हे ज्याचे त्याने बोलले तरच कळेल.

एक बैठक धुळीवर आणि बोटांवर. जुनी मोटार आणि लोखंडी अँगल जोडून केलेले कटर बरेच जण वापरतात, आणि त्यावर गार्ड क्वचित दिसतो. लाकडाचा भुगा माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत मोडतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

सरकारी मदतीचे काय, असे विचाराल. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. अठरा धंद्यांत सुतारकाम आहे. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी करावा. एका कुटुंबातून एकालाच घेतात, तेव्हा घरात आधी बोलून घ्यावे. पण सात दिवसांत डोव्हटेल हातात बसत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि आठव्या दिवशी मिस्त्री पुन्हा एकटा. योजनेत जी गोष्ट नाही, म्हणजे महिन्यातून एकदा आपल्यापेक्षा बऱ्या हाताखाली बसणे, ती कुठल्याही खात्याला देता येण्यासारखी नाही.

हौशी लोकांनाही दार उघडे ठेवा. निवृत्त मास्तर, बँकेतला कारकून, घरी छोटा लेथ घेऊन बसलेला एखादा इंजिनियर यांच्याकडे वेळ असतो आणि वाचन असते. कातकामाचे नवे पाते कुठे मिळते ते त्यांना ठाऊक असते. लाकूड कुठे तुटणार ते मिस्त्रीला ठाऊक असते. हौशी माणूस मजुरी बुडवत नाही. एक स्टूल करून बघितल्यावर तो मजुरीवर घासाघीस करणे सोडतो, हा आमचा अनुभव आहे.

शिवाय मंडळाचा रोकडा फायदा लाकडात आहे. वनविकास महामंडळ आणि वनविभाग यांच्या आगारांतला साग लिलावात लॉटने जातो. एका मिस्त्रीला तो पेलत नाही. बल्लारपूरच्या ज्या सागाने २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरापर्यंत मजल मारली, तो सुलतानपूरच्या मिस्त्रीच्या दारात यायला दहा जणांची एकत्र रक्कम आणि एक ट्रक पुरेल. शेतकऱ्याच्या बांधावरचा साग घेताना तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना या दोन्ही गोष्टी आधी बघाव्यात. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याचा जाच एकट्याला जास्त होतो. कागद समजणारा एक सभासद असला की बाकीच्यांच्या खेपा वाचतात.

राहता राहिला रीतीचा प्रश्न. अमावास्येला हत्यार उचलायचे नाही, तर शिकवायचे कसे? ज्यांना मोडवत नाही त्यांनी मोडू नये. त्या दिवशी लाकूड ओळखावे, जुने सांधे उलगडून बघावेत, बिघडलेली कामे मध्ये ठेवून त्यांवर बोलावे. हत्यार चालवून दाखवायचे काम प्रतिपदेच्या सकाळी दोन तास करावे. पिठोरीला पोळा असतो आणि आश्विनात लक्ष्मीपूजन, म्हणून त्या दोन अमावास्या सोडा. वर्षाला दहा उरतात.

पुढच्या अमावास्येला शेजारच्या गावच्या तीन मिस्त्रींना निरोप धाडा. प्रत्येकाने आपला रंधा, एक पटाशी आणि बिघडलेले एक काम घेऊन यावे. बैठकीत काय ठरले ते चार ओळींत आम्हाला कळवा. गावाच्या नावासह छापू.