पुंडलिकाची काठी करू नका

वाचक माउली, मागच्या महिन्यात आमच्या अंकुशनगरजवळच्या एका गावी सप्ताहाचे कीर्तन ऐकायला गेलो होतो. आता उभे राहून सेवा होत नाही. गुडघ्यांनी आणि दमाने एकदमच रजा घेतली. म्हणून श्रोत्यांत बसतो आणि जन्मभर जे सांगितले ते आता ऐकतो. कीर्तनकार तरुण होते. आवाज गोड, पाठांतर चोख. पुंडलिकाची कथा लावली आणि रंगात आल्यावर म्हणाले, "आई-बाप गावात खोकतात आणि पोरगं पुण्याला एसी लावून झोपतं. त्याच्या माळेला काय अर्थ?" मंडप टाळ्यांनी दणाणला.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली नाही. त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. म्हाताऱ्याच्या साखरेच्या गोळ्या त्या मुलाच्या पगारातून येतात. तो मान खाली घालून धोतराचा सोगा चाचपत बसला होता. सारा मंडप आपल्याकडेच बघतो आहे असे त्याला वाटत असावे.

कीर्तनात मध्येच उठून बोलणे आपल्या रीतीत बसत नाही, म्हणून इथे लिहितो. त्या तरुणाला दोष देत नाही. त्याने हे ऐकले ते माझ्यासारख्यांकडूनच. पंचेचाळीस वर्षे मीही हाच दृष्टांत असाच हाणला. हाणला हाच शब्द बरोबर आहे. आपण पुंडलिकाची काठी केली आणि ती गाव सोडणाऱ्या पोरांच्या पाठीत घातली. हे चुकले, असे आज माझे स्पष्ट मत आहे.

आधी कथा नीट पाहू. पुंडलिक काशीला निघाला तेव्हा आई-बाप कुठे होते? एका परंपरेत कथा अशी आहे की, तेही त्याच वाटेवर होते. हा बायकोला घेऊन पुढे, आणि म्हातारी मागून रखडत पायी. म्हणजे अंतर किती? हाकेचे. तरीही सेवा शून्य! पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो सेवेला लागला. तेव्हा जवळ असणे निराळे आणि सेवा निराळी, हे या कथेचे पहिले वाक्य आहे. आपण ते गाळतो आणि एकदम विटेवर येतो. एका घरात राहून आई-बापांशी महिनोन्महिने न बोलणारे मुलगे या शिवारात मी पाहिले आहेत. त्यांना सप्ताहात कोणी बोलत नाही, कारण ते गावात असतात आणि वर्गणीही देतात.

आता पूर्वपक्ष घेऊ. पहिला आक्षेप असा: गाव सोडले म्हणजे आई-बाप सोडले. माउली, मग आपल्या संतांचे काय करायचे? ज्ञानोबारायांचे घराणे गोदाकाठच्या आपेगावचे. विठ्ठलपंत सासऱ्यांच्या आधाराने आळंदीला गेले म्हणून आळंदी ही आळंदी झाली. नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे गाव. बारा वर्षांचा नारायण तिथून निघाला तो, परंपरा सांगते, चोवीस वर्षांनी आईला भेटला, आणि तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. जाण्याने जगाचे कल्याण होते आणि जाण्याने आईचे डोळेही जातात. दोन्ही खरे आहे. एकच सांगणारा कीर्तनकार अर्धे सांगतो.

आणि अंकुशनगर तरी काय आहे? पणजोबांच्या तोंडी हे नाव नव्हते. महाकाळ्याच्या शिवारात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, अंकुशराव टोपे यांच्या नावाने वस्तीला नाव मिळाले, आणि कुठून कुठून माणसे पोटासाठी येऊन इथे राहिली. त्या ऊसाला पाणी आले पैठणच्या धरणातून. 1976 साली त्याचे लोकार्पण झाले. पण नाथसागराच्या पोटात शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. ती माणसे काय आई-बाप नकोसे झाले म्हणून उठली? दिवाळी झाली की आपल्या भागातून कोयता घेऊन जोडपी निघतात. मुकादमाची उचल फेडायची असते. म्हातारे घरी, लेकरे म्हाताऱ्यांजवळ नाही तर हंगामी वसतिगृहात, आणि ही दोघे पाच-सहा महिने दुसऱ्याच्या फडाशेजारी कोपीत. त्यांना कोणी विचारले नाही की, बाबांनो, चांगले जगणे हवे की घरच्यांचा सहवास? त्यांच्या वाट्याला दोन्ही येत नाही. त्या जोडप्याला पुंडलिक सांगण्याची माझी तरी छाती नाही.

दुसरा आक्षेप मुलांचा आहे, आणि तोही तपासलाच पाहिजे. ते म्हणतात, "आम्ही पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, शहरात दवाखाना चांगला, शाळा चांगली, आमचे राहणीमान सुधारले तर त्यात आई-बापांचेही भलेच." यातले शाळेचे आणि दवाखान्याचे मला मान्य आहे. रात्री छातीत दुखले तर इथून मोठा दवाखाना गाठेपर्यंत काय होते ते मी जाणतो. पण पैसे पाठवले म्हणजे सेवा झाली, हे मान्य नाही. 2007 साली केंद्र सरकारने आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलगा असो वा मुलगी, सांभाळत नसेल तर न्यायाधिकरण दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकते. आपल्या मराठवाड्यातच लातूर जिल्हा परिषदेने 2020 साली ठराव केला की, आई-बापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातले 30 टक्के कापून त्यांच्या खात्यात टाकायचे. चांगले केले. पण विचार करा, जे कायद्याने वसूल होते तेवढेच आपण देत असू, तर आपण मुलगा नव्हे, देणेकरी झालो. कायदा पगार कापू शकतो. म्हातारीच्या पाठीला तेल लावू शकत नाही. पुंडलिकाने आई-बापांसाठी देवाला थांबवले. आपण साहेबासाठी आई-बापांना थांबवतो आणि वर म्हणतो, सुट्टी मिळत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. जवळ राहून सेवा करते कोण?

माझी आई शेवटची तीन वर्षे अंथरुणावर होती. त्या काळात माझी वर्षाला दीडशेच्या आसपास कीर्तने होत. रेशनकार्डावर नाव गावचे, मतदार यादीत नाव गावचे, लोक म्हणत, "महाराजांनी आईला सोडलं नाही." रात्री मी कुठल्यातरी गावात पुंडलिकाच्या मांडीवरचे आई-बापांचे पाय वर्णन करत असे, आणि त्याच वेळी माझ्या आईचे पाय माझी बायको चेपत असे. तिचे स्वतःचे आई-बाप दोन तालुके पलीकडे. तिचे वडील गेले तेव्हा ती पोहोचली ती तिसऱ्या दिवशी. कारण माझ्या आईजवळ दुसरे कोणी नव्हते आणि मी काल्याच्या कीर्तनाला होतो. गाव सोडण्यावर आपण एवढे बोलतो. पण आपल्या घरातली प्रत्येक सून गाव सोडूनच आलेली असते. तिला कोणी पुंडलिक सांगितला? पंढरीला आपण माहेर म्हणतो. हा शब्द ज्यांच्या काळजातून आला त्यांचे खरे माहेर किती वर्षांनी दिसत होते, हे आपण पुरुषांनी कधी मोजले नाही.

आता मुलाची गोष्ट. त्याला चाकणच्या कारखान्यात काम मिळत होते. मी गावच्या सप्ताहात, तो टाळ घेऊन उभा असताना, पुंडलिक लावला आणि भर मंडपात त्याच्याकडे हात करून विचारले, "जाणार का रे सोडून?" तो काय बोलणार? राहिला. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही वाळली. कर्ज झाले. माझ्यासमोर तो जेवायला बसेनासा झाला. एकदा विहिरीवर म्हणाला, "बाबा, तुम्ही मला गावात ठेवलं. जवळ नाही ठेवलं." पुढे तो गेलाच, पण चांगल्या कामाचे वय निघून गेल्यावर. ते माझ्या खात्यावर आहे.

मग सिद्धान्त काय? माउली, तो आपल्या नावातच आहे. आपण वारकरी. वारी म्हणजे येरझार. जो जातो आणि नेमाने परत येतो तो वारकरी. आपण पंढरपुरात घर बांधून राहत नाही. पण आषाढी चुकवत नाही. पेरणी असो, लग्न असो, पाऊस असो, तिथी ठरलेली. दरवर्षी मुक्ताईची पालखी तापीकाठाहून निघते आणि जालना-अंबडच्या वाटेने बीडला पोहोचते. तिथे आजोबा गोविंदपंतांच्या समाधीशी नातीची भेट होते. शेकडो वर्षांपूर्वी देह ठेवलेल्या आजोबाला भेटल्याशिवाय नात पुढे पंढरीला जात नाही! मग जिवंत आजोबा गावात असताना आपली नातवंडे परस्पर गोव्याला कशी जातात?

म्हणून जाणाऱ्याला मी तीन नेम सांगतो.

पहिला नेम संमतीचा. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला. पण घरी पत्नी आहे आणि तिची मनापासून संमती नाही हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठवले. संन्यासासारखी मोठी गोष्टही विचारल्याशिवाय चालली नाही, तर नोकरी कशी चालेल? जाण्याआधी आई-बापांशी बसून बोला, आणि बायकोच्या आई-बापांशीही. आई-बापांनीही "जा" म्हणायचे तर मनापासून म्हणावे. तोंडाने जा आणि डोळ्यांनी शाप, असे करू नये.

दुसरा नेम तिथीचा. "जमेल तसे येतो" हे वारकऱ्याचे बोलणे नव्हे. महिन्याची एकादशी धरा, दुसरा शनिवार धरा, परदेशात असाल तर वर्षातला एक महिना धरा. पण धरला की सोडू नका. म्हाताऱ्या माणसाला सुखसोयींहून ठरलेला दिवस मोठा असतो. त्या दिवसाकडे बघत तो मधले दिवस काढतो. आणि आल्यावर मोबाईल खुंटीला.

तिसरा नेम सर्वांत कठीण. ज्या दिवशी आई-बापांना स्वतःच्या हाताने आंघोळ जमेनाशी होते, त्या दिवशी वारी पुरत नाही. तिथे रोजचा हात लागतो. तेव्हा एका छताखाली आलेच पाहिजे, आणि तो हात एकट्या सुनेचा असू नये. कोणी कोणाकडे जायचे, ते ज्याला हलणे सोपे त्याने हलावे. दरवेळी मुलानेच नोकरी टाकून यावे असे शास्त्र नाही. आपल्या शेजारच्या पैठणचे नाथमहाराज आठवा. हरिपंडित रुसून काशीला गेले, तेव्हा परंपरा सांगते की, बाप स्वतः काशीला गेला, मुलाने घातलेल्या अटी त्याने मानल्या आणि त्याला घेऊन आला. एवढा अधिकारी पुरुष मुलासाठी चालत गेला, आणि आपण मात्र ओट्यावरून हलत नाही.

हे लिहिताना मी माझ्यावरच लिहितो आहे. चैत्रात घरच्या मंडळींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उठत नाही. मुलगा म्हणतो, चला पुण्याला. मी चार महिने टाळत आलो: देवळातला हरिपाठ, काकडा, ओळखीची माणसे, दोन खोल्यांत माझा जीव कसा रमेल? एके दिवशी ती अडखळत म्हणाली, "मी सोळाव्या वर्षी गाव सोडलं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला शहात्तराव्या वर्षी विचारताहेत, तर केवढं कौतुक."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शास्त्रातही सापडले नाही.

कार्तिकी झाली की आम्ही जातो आहोत. वीणा देवळात ठेवून जाईन. दर महिन्याच्या एकादशीला गावी यायचे असा माझाही नेम मुलाने मान्य केला आहे. शरीर चालेल तोवर तो पाळीन. त्या तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती: पुढच्या सप्ताहात पुंडलिक जरूर लावा, पण मुलगा दूर असलेल्या म्हाताऱ्याला मान खाली घालावी लागेल असा लावू नका. आणि कीर्तन आटोपले की आधी घरी फोन करा, आईचे पाय आज कोणी चेपले ते विचारा.

रामकृष्ण हरी.