रविवार एक, गाड्या छप्पन्न

ऑनसाइटचा मेल आला की ऑफिसात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आधी पार्टी, मग जॅकेटची उसनवारी आणि मग सगळ्यांच्या सूचना. ‘अगं, जर्मनीला चाललीयेस ना, मग पॅरिस करूनच ये!’ जणू पॅरिस म्हणजे लोणावळा, येता येता चिक्की घेऊन यायची.

माझा मुक्काम होता तीन आठवडे, स्टुटगार्टला. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे शहर तसं नवं नाही. मर्सिडीज तिथली, बॉशचं मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. शिवाय १९६८ पासून स्टुटगार्ट आणि मुंबई या अधिकृत ‘जुळ्या नगरी’ आहेत. (जुळ्यांचे चेहरे जुळतातच असं नाही, हे तिथली गर्दी बघून पटतं!) तीन आठवडे म्हणजे फिरायला चिक्कार वेळ असं वाटलं होतं. पण पहिला वीकएण्ड गो-लाइव्हने खाल्ला, शेवटचा परतीच्या विमानात जाणार होता, मधला शनिवार क्लायंटने मागून घेतला. हातात उरला एक रविवार. फक्त एक.

आणि स्टुटगार्टच्या स्टेशनावरचा तो गाड्यांचा बोर्ड! इकडे म्युनिक, तिकडे हायडलबर्ग, पलीकडे थेट फ्रान्स. साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं झालं. सगळ्याच छान, आणि घ्यायची एकच.

टीममधल्या नागपूरकराचं मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. नॉयश्वानस्टाइन! तोच तो, डोंगरावरचा पांढराशुभ्र परीकथेतला राजवाडा. बव्हेरियाच्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीतही गेला. नागपूरकराचं म्हणणं सोपं होतं. ‘राजवाडा नाही पाह्यला, तं जर्मनीले आलो कायले?’ आणखी दोघं त्याला सामील. आता मला ओढणं चालू होतं.

मी मात्र कागद-पेन घेऊन बसले. (होय, एक्सेल नाही. रविवारचा मान ठेवायचा असतो.)

माझा फंडा असा. जाण्यायेण्यात जितके तास जातील, निदान तितकेच तास त्या गावात पायी फिरायला मिळाले पाहिजेत. दुप्पट मिळाले तर सोन्याहून पिवळं. या हिशेबाने राजवाडा बघा. स्टुटगार्टहून फ्यूसनपर्यंत गाड्या बदलत साडेतीन-चार तास, मग बस, मग चढण. आत शिरायला ठरलेल्या वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं आणि आतला फेरफटका जेमतेम अर्ध्या तासाचा. म्हणजे दिवसाचे आठ तास खिडकीला नाक लावून, आणि राजाच्या घरात अर्धा तास. माझा पेन तिथेच अडला.

मग जवळची नावं काढली. तुमच्यापैकी कुणी स्टुटगार्टला जाणार असेल तर ही यादी कापून ठेवा.

एसलिंगन: लोकल गाडीने, म्हणजे तिथल्या एस-बानने, पाव तास. लाकडी चौकटींची मध्ययुगीन घरं, टेकडीवर द्राक्षाचे मळे. उशिरा उठणाऱ्यांसाठी बेस्ट. अर्धा दिवस पुरतो.

ट्यूबिंगन: साधारण पाऊण ते एक तास. १४७७ सालचं विद्यापीठ, नेकार नदी आणि काठाने ढकलायच्या लांबट होड्या. ‘सिद्धार्थ’ लिहिणारा हरमान हेस तरुणपणी इथल्या एका पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करायचा. पुस्तकवेड्यांनी डोळे मिटून जावं.

हायडलबर्ग: वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आसपास. पडका किल्ला, जुना पूल, १३८६ मधलं विद्यापीठ. फोटो हमखास, गर्दीही हमखास.

स्ट्रासबुर्ग: थेट गाडीने दीड तासाच्या आत चक्क फ्रान्स! शेंगेन व्हिसा चालतो, पण पासपोर्ट खिशात हवाच. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली. ‘हॉटेलवर राहिला’ हे उत्तर पोलिसांना आवडत नाही.

आणि उल्म: साध्या गाडीने तासाभरात, वेगवान गाडीने पाऊण तासात.

उल्मपाशी मी थांबले. त्याचं कारण स्टुटगार्टमध्ये नव्हतं, मिरजेत होतं.

माझे बाबा शाळेत फिजिक्स शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बायपासनंतर डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला साफ नाही म्हटलंय. मी निघताना आईने लोणचं दिलं, मसाला दिला, वीस सूचना दिल्या. बाबांनी फक्त नकाशा काढून विचारलं, ‘स्टुटगार्टहून उल्म किती लांब गं?’ मी म्हटलं, ‘बघते.’ ते म्हणाले, ‘नाही, सहज विचारलं. आइन्स्टाइन तिथे जन्मला.’

बाबांचं ‘सहज’ मला माहितेय. दहावीत मला सायन्स घेणार का असंही ते ‘सहज’च विचारत होते.

पण खरं सांगते, तरीही मन डळमळत होतं. राजवाड्याचा फोटो टाकला की दोनशे लाइक्स ठरलेले. उल्मचा फोटो टाकला तर पहिली कॉमेंट येणार, ‘हे कुठंय?’ शिवाय नेटवर वाचलं तर आइन्स्टाइनचं घरच शिल्लक नाही! १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते गेलं. म्हणजे जे बघायला जायचं, तेच तिथे नाही. शनिवारी रात्री अकरापर्यंत माझं ‘हो-नाही’ चालू होतं. शेवटी नागपूरकराला मेसेज केला, ‘तुम्ही व्हा पुढे.’ त्याचा रिप्लाय, ‘पस्तावशील बाप्पा.’

रविवारी सकाळी स्टेशनावर. एक टिप लिहून घ्या. स्टुटगार्टच्या स्टेशनाचं प्रचंड बांधकाम २०१० मध्ये सुरू झालं. त्यापायी मुख्य इमारतीपासून फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं, तेव्हा दहा मिनिटं जास्तीची धरा. दुसरी टिप तिकिटाची. फक्त एक दिवस भटकायचं तर त्या राज्याचं दिवसभराचं तिकीट घ्या, बाडेन-व्युर्टेमबर्ग-तिकीट म्हणतात त्याला. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, जितकी डोकी तितकं स्वस्त. रविवारी मध्यरात्रीपासून लागू, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. त्यावर नाव लिहायचं मात्र विसरू नका. महिनाभर राहणार असाल तर डॉइचलांड-तिकीट बघा. २०२३ मध्ये ते ४९ युरोंत सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीत ६३ झालं. फक्त ते वर्गणीसारखं असतं. महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाहीत तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापणार! आणि दोन्ही तिकिटं साध्या, म्हणजे रिजनल गाड्यांनाच चालतात. चुकून पांढऱ्या आयसीईमध्ये बसलात की संपलं. विनातिकीट सापडलात तर दंड किमान ६० युरो. रुपयांत गुणाकार करू नका, झोप उडेल.

मी साधी गाडीच घेतली, आणि तीच बरी निघाली. वेगवान गाड्या २०२२ च्या डिसेंबरपासून नव्या मार्गाने, बोगद्यांतून उल्मला जातात. साधी गाडी मात्र जुन्या मार्गाने गाइसलिंगनचा घाट चढते. १८५० चा हा रेल्वेघाट. आपला बोरघाट १८६३ चा, म्हणजे हा थोरला भाऊ. चढ बोरघाटापेक्षा कमी, पण गाडी वळण घेत डोंगराला बिलगून चालली की खंडाळा आठवतोच. फक्त वडापाववाला नाही. त्या घाटात मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून खाल्ली. समोरच्या आजीबाईंनी वास घेऊन मान हलवली. पसंतीची की निषेधाची, ते कळलं नाही.

उल्म स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बानहोफश्ट्रासे, म्हणजे आपला स्टेशन रोड. दोन-चार मिनिटं चालले आणि पोचले. दुकानांच्या मधोमध दगडी ठोकळ्यांचं एक स्मारक, माक्स बिल या शिल्पकाराचं. रविवार असल्याने सगळी दुकानं बंद. (जर्मनीत रविवारी खरेदीचे मनसुबे रचू नका. बेकरी आणि स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. म्युझियम्स मात्र रविवारी चालू आणि सोमवारी बहुतेक बंद.) इथे १४ मार्च १८७९ रोजी ते बाळ जन्मलं. बस, एवढंच. मी क्षणभर हिरमुसलेच. मग व्हिडिओ कॉल लावला.

‘घर कुठाय?’ बाबांचा पहिला प्रश्न.

‘नाहीये बाबा. युद्धात पडलं.’

ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘बरं, स्टेशन कुठल्या बाजूला आहे?’

मी फोन वळवला. स्टेशनाच्या दिशेने थोडी चाललेही.

‘एवढं जवळ!’ बाबांचा आवाज एकदम वीस वर्षांनी लहान झाला. ‘म्हणजे गाडीच्या शिट्ट्या ऐकल्या असतील की गं त्यानं!’

‘बाबा, तो वर्ष-सव्वा वर्षाचा असताना ते सगळे म्युनिकला गेले.’

‘मग काय झालं? सव्वा वर्षाच्या पोराला ऐकू येत नाही होय?’

मागून आई म्हणाली, ‘तिला जेवलीस का विचारा आधी.’

पुढे दिवसभर मी भटकले आणि दर तासाला बाबांना फोटो पाठवत राहिले. उल्मचं म्युन्स्टर चर्च: १३७७ ला पाया, १८९० ला मनोरा पुरा, उंची १६१.५३ मीटर, ७६८ पायऱ्या. २०२५ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत ते जगातलं सर्वांत उंच चर्च होतं. मग डॅन्यूबकाठचा कोळीवाडा, त्यात नदीवर कललेलं एक वाकडं घर. गावभर चिमण्यांचे पुतळे. गोष्ट अशी, की तुळई आडवी धरल्याने वेशीतून आत जाईना, तेव्हा गावकऱ्यांना चिमणीने काडी उभी धरून नेऊन दाखवली! आणि १८११ मध्ये इथल्याच एका शिंप्याने पंख लावून डॅन्यूब ओलांडायचा प्रयत्न केला आणि पाण्यात पडला. बाबांचा रिप्लाय, ‘प्रयोग चुकला, विद्यार्थी चांगला.’

एक गोष्ट मात्र मी त्यांना संध्याकाळी सांगितली. गावाने आइन्स्टाइनच्या नावाचा रस्ता केला होता. १९३३ मध्ये नाझींनी ते नाव पुसलं, १९४५ मध्ये ते परत आलं. पुढे १९४९ मध्ये गावाने मानद नागरिकत्व देऊ केलं, तेव्हा ज्यूंवर झालेल्या अत्याचारांपायी आइन्स्टाइनने ते नाकारलं. बाबा एवढंच म्हणाले, ‘बरोबर केलं.’

परतीची गाडी शेवटची पकडायची नाही, त्याच्या आधीची धरायची, हा आणखी एक नियम. वीकएण्डला रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते. आपला मेगाब्लॉकच की! आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवा.

मी डब्यात बसले. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी होती. एकाएकी आम्ही निघालो. मग लक्षात आलं, आम्ही नाही, ती निघाली. मी लहान असताना मिरज जंक्शनवर बाबांनी हेच दाखवलं होतं. ‘सांग, आपण हललो की ते?’ सापेक्षता सोपी करून सांगायला आइन्स्टाइननेही १९१७ च्या पुस्तकात रेल्वेचंच उदाहरण घेतलं होतं. मी बाबांना मेसेज केला, ‘उल्म स्टेशन. शेजारची हलली.’ भारतात रात्र झाली होती, पण दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.

आणि नागपूरकर? तो रात्री साडेअकराला परतला, पायांचे तुकडे पडलेले, चेहरा फुललेला. त्याच्या आईच्या खोलीत लहानपणापासून त्या राजवाड्याचं कॅलेंडर होतं म्हणे. साल संपलं तरी ते काढलं नव्हतं. हे त्याने मला तेव्हा सांगितलं! माझा तासांचा फंडा त्याच्यापुढे पार आडवा झाला.

तेव्हा दोस्तहो, तास जरूर मोजा, गाड्या बदलाव्या लागतात का बघा, रविवारी काय उघडं आहे विचारा. पण त्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: तिथे पोचल्यावर मी पहिला फोन कुणाला करणार आहे?

उत्तर आलं की बोर्डवर बाकीच्या पंचावन्न गाड्या दिसेनाशा होतात.