शिंपल्यांचे कपाट आणि वारशाचे वय

१/१०
२०२३ साली दक्षिण कोरियाने जपानमधून एक लहानशी पेटी विकत घेऊन मायदेशी आणली. तेराव्या शतकातील या रोगणी पेटीवर शिंपल्याचे सुमारे ४५,००० तुकडे जडवलेले आहेत. तिचे मोठे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र याच कलेतून घडलेली असंख्य कपाटे त्याच देशात गेल्या काही दशकांत अडगळ म्हणून घराबाहेर पडली. हा धागा या विसंगतीविषयी.

२/१०
या कलेचे नाव नाजनचिलगी. ‘नाजन’ म्हणजे शिंपल्याचे जडावकाम, ‘चिलगी’ म्हणजे रोगण दिलेली वस्तू. हे रोगण आपल्याकडील लाखेप्रमाणे किड्यापासून मिळत नाही. तो एका झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले. कच्चा चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो.

३/१०
लाकडावर कापड चिकटवून रोगणाचे थर द्यायचे. शिंपला घासून पातळ करायचा, नक्षी कापून बसवायची, पुन्हा रोगण चढवायचे आणि शेवटी घासून शिंपला उघडा करायचा. हे रोगण उन्हात वाळवता येत नाही. उबदार, दमट हवेतच ते घट्ट होते. प्रत्येक थरासाठी थांबावे लागते.

४/१०
गोऱ्यो राजवटीत (९१८–१३९२) ही कला बहरली. ११२३ मध्ये सोंग दरबाराच्या शिष्टमंडळासोबत आलेल्या शू जिंगने येथील शिंपलेकामाच्या बारकाईची वाखाणणी केली. १२७२ मध्ये तर बौद्ध ग्रंथांच्या पेट्या घडवण्यासाठी स्वतंत्र कचेरीच उघडण्यात आली, कारण त्या पेट्या युआन सम्राज्ञीला हव्या होत्या.

५/१०
त्या काळातील जेमतेम वीसेक वस्तू आज जगात उरल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक कोरियाबाहेर आहेत. या दुर्मिळतेमुळे गोऱ्योकालीन शेवंतीची नाजूक वेल हाच साऱ्या परंपरेचा मापदंड ठरला. पुढचे सारे काम ओघानेच ‘उतरणीचे’ मानले गेले. हा मापदंड तपासला पाहिजे.

६/१०
जोसन काळात (१३९२–१८९७) नक्षी मोठी आणि मोकळी झाली. सारस, हरिण, कासव, पाइन अशी दीर्घायुष्याची चिन्हे आली. कन्फ्यूशियन वळणाच्या घरात पुरुषांच्या दालनातील सामान साधे असे. झळाळते शिंपलेकाम प्रामुख्याने स्त्रियांच्या दालनातील पेट्या आणि कपाटांवर दिसे.

७/१०
दक्षिण किनाऱ्यावरील थोंगयंग येथे सतराव्या शतकाच्या आरंभापासून तीन प्रांतांच्या नौदलाचे मुख्यालय होते. त्याच्या कारखान्यांत शिंपल्याचे जडावकामही चाले. जवळच्या समुद्रात अबालोनचे शिंपले मिळत. १८९५ मध्ये मुख्यालय बंद झाले आणि कारागिरांचा सरकारी आश्रय संपला. पुढे कला तगली ती बाजाराच्या आधारावर.

८/१०
विसाव्या शतकात बारीक दातांची करवत आली आणि वळणदार नक्षी कापणे सोपे झाले. १९७०च्या दशकात भिंतभर पसरलेले शिंपल्यांचे कपाट, म्हणजे ‘जागेजांग’, हे मध्यमवर्गीय घराच्या सुबत्तेचे चिन्ह बनले. पुढे भिंतीतच कपाटे असलेल्या सदनिका आल्या आणि आजीच्या कपाटाला जागा उरली नाही.

९/१०
या कपाटांवरील आक्षेप ठरलेला आहे: झाडाच्या चिकाऐवजी अनेकदा काजूच्या टरफलातील तेलापासून केलेले स्वस्त रोगण, तीच ती नक्षी, भडक झगमग. त्यात तथ्य आहे. पण गोऱ्योच्या पेट्यासुद्धा मागणीनुसारच घडल्या होत्या. सम्राज्ञीच्या मागणीला ‘आश्रय’ म्हणायचे आणि गृहिणीच्या मागणीला ‘बाजारूपणा’, हा निवाडा कारागिरीचा नव्हे, गिऱ्हाइकाच्या वर्गाचा आहे.

१०/१०
प्रत्येक कपाट संग्रहालयात जावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते टाकण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी: ते कोणी घडवले, कोणते रोगण वापरले, कोणत्या प्रसंगी आणि किती पैसे देऊन कोणी घेतले. गोऱ्योच्या पेटीबाबत असे प्रश्न विचारायला आज कोणी हयात नाही. जागेजांग घडवणारे आणि घेणारे अनेकजण अजून आहेत. त्यांना विचारण्याची वेळ आताच आहे.