‘अशी पोरं अशीच असतात’ म्हणून कसं चालेल?

कांदा लावणीच्या दिवसांत ओतूर परिसरात पहाटेचा गारठा वाढतो. मजुरी बुडवून चालत नाही ते हेच दिवस, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकराची छाती भरते, कान वाहतो तेही हेच. मग वस्तीत ऐकू येतं, ‘अशी पोरं अशीच असतात’, ‘आईचं लक्ष नाही’, ‘मागच्या जन्मीचं भोगतंय’. गतजन्मीच्या कर्माचा हिशेब बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारला. उरलेली दोन वाक्यं विज्ञान नाकारतं.

या मुलांत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. त्यांची थायमस ग्रंथी लहान असते, संसर्गाशी लढणाऱ्या टी आणि बी पेशी कमी असतात. कानाच्या नळ्या आणि श्वासमार्ग अरुंद असतात. जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, आणि अशा मुलाचा न्यूमोनिया जिवावर बेततो. म्हणून धाप लागली, दूध-जेवण सुटलं, तर ‘साधी सर्दी’ म्हणून थांबायचं नाही.

हक्क कागदावर आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. डाऊन सिंड्रोम आणि हृदयदोष दोन्ही त्याच्या यादीत आहेत. न्यूमोकोकल लस २०२१ पासून राज्यात बाळांना मोफत मिळते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, पण ती मुलांच्या नियमित सरकारी लसीकरणात नाही.

अडतं ते पुढच्या टप्प्यावर. पथक चिठ्ठी देतं, पण हृदयाची इको, थायरॉईड आणि कानाची तपासणी यांसाठी पुणे गाठावं लागतं. ओतूरहून ते सुमारे १०० किलोमीटर. एका फेरीत दिवसाची मजुरी जाते, आणि फेरी एकच नसते. चिठ्ठी पिशवीतच राहते. दोष आईचा नाही, अंतराचा आहे. म्हणून या तपासण्या ठरावीक दिवशी जुन्नर-आंबेगावातच व्हाव्यात, ही मागणी ग्रामसभेत ठरावाने मांडली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी तीन कामं घ्यावीत. आशाताईंमार्फत पालकांना भेटून लसीकरण कार्ड पाहावं. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ‘निरामय’ योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळवून द्यावा. आणि तपासणीच्या दिवशी एकाने त्या आईसोबत पुण्याच्या एसटीत बसावं.

१४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिरं घेतो. यंदाच्या शिबिरात या मुलांसाठी एक टेबल असू द्या.